खुंटीचे भोक

तंबोरा, सतार आणि वारकऱ्यांची वीणा यांचा सूर तार ताणणारी खुंटी ज्यात बसते त्या लाकडातल्या भोकावर टिकतो. इलेक्ट्रिक गिटारच्या अंगावर आवाजाची बटणे आणि स्विच बसवायलाही भोके पाडतात, पण बटणाच्या दांड्याभोवतीच्या नळीला आटे असतात. वॉशर घालून नट आवळला की किंचित ढिले भोकही खपून जाते. खुंटीला नट नाही, आटेही नाहीत. तारेचा सगळा ताण तिने लाकडाला लाकूड घासूनच पेलायचा असतो.

बुलढाणा जिल्ह्यात या पकडीची कसोटी शेगावच्या पालखीत लागते. गजानन महाराजांची पालखी आषाढीच्या महिनाभर आधी निघते, तेव्हा वऱ्हाडात ऊन भाजत असते. पंढरपूर गाठेपर्यंत पाऊस सुरू झालेला असतो. कोरड्या हवेत लाकूड आकसून खुंटी सुटते, ओल्या हवेत फुगून जागीच घट्ट बसते. एकाच वाटेवर वीणेला दोन्ही सोसावे लागते. अखंड हरिनाम सप्ताहात तर वीणा खाली ठेवतच नाहीत. पहारा बदलला की ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. सूर उतरला तर विणेकरी उभ्या उभ्याच खुंटी पिळतो, आणि तिने तेवढ्यात धरायला हवे.

या कामाचे मोठे घर मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिथे फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून सतारीचा धंदा सुरू झाला. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. धारेवरचा हात वाद्यावर आला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. कौतुक होते ते मुख्यतः भोपळ्याचे आणि वरच्या नक्षीचे. भोकाचे नाव कोणी काढत नाही.

तंबोऱ्याला भोके बहुधा चार. सतारीला सात मुख्य तारा आणि तरफेच्या तेरा तारा धरल्या तर वीस. आधी खुणा करतात, मग भोक पाडतात. पूर्वी हे काम सामत्याने आणि गिरमिटाने होई, आता विजेच्या ड्रिलने होते. ड्रिलचे टोक पलीकडे बाहेर पडताना लाकडाची ढलपी उडवते, म्हणून मागे लाकडाचा तुकडा दाबून धरतात. दांडीचे लाकूड तुणीचे; त्याला भोक पाडताना देवदारासारखा वास सुटतो.

खरे काम यापुढे आहे. ड्रिलचे भोक सरळ असते, खुंटी मात्र टोकाकडे निमुळती. म्हणून निमुळता रिमर घालून भोक हळूहळू रुंद करतात. दोन फेरे घ्यायचे, भुसा झाडायचा, खुंटी घालून फिरवायची आणि बाहेर काढून उजेडात धरायची. जिथे घासली तिथे लाकूड चकाकते. हा चकाकता पट्टा नुसत्या टोकाला किंवा नुसत्या बुडाशी असेल तर उतार जुळलेला नाही. अशी खुंटी आज धरेल आणि उद्या सुटेल. सगळीकडे सारखी चमक आली की थांबायचे. एक फेरा जास्त झाला तर खुंटी खोल जाते आणि तिची मूठ लाकडाला टेकते. कापले गेलेले लाकूड परत येत नाही. सतारीला हे वीस वेळा करायचे, आणि विसाव्या भोकाला पहिल्याइतकाच धीर लागतो. यंत्राने वेळ वाचला तो पहिल्या भागात. चमक अजून डोळ्यालाच ओळखावी लागते, आणि वाद्याच्या किमतीत या डोळ्याचा मोबदला फार कमी धरला जातो.

खुंटी घसरू लागली तर तिला खडू लावतात, अडकू लागली तर कोरडा साबण. खुंट्या बहुधा शिसवीच्या, म्हणजे तुणीहून कठीण. त्यामुळे वर्षानुवर्षांच्या पिळण्याने भोकच झिजत जाते आणि खुंटी थोडी थोडी आत सरकते. शेवटी जुने भोक लाकडाने बुजवतात, सरस वाळू देतात आणि त्याच खुणेवर नवे पाडतात.