जुन्या संगणकावर लिनक्स प्रस्थापित केल्यानंतरचे नेटवर्क-जोडणीचे दोष : स्वरूप आणि शोधक्रम

प्रस्तावना

विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा व तुलनेने अलीकडील प्रोसेसर आवश्यक असल्यामुळे महाविद्यालयांच्या विभागांतील, ग्रंथालयांतील व कार्यालयांतील अनेक सुस्थितीत असलेले संगणक एकाएकी कालबाह्य ठरले. अशा संगणकांवर लिनक्स प्रस्थापित करणे हा अल्पखर्चाचा आणि व्यवहार्य पर्याय आहे. तथापि या पर्यायाकडे वळलेल्या प्राध्यापकांचा अनुभव बहुधा एकाच ठिकाणी येऊन अडतो. लिनक्स प्रस्थापित होते, पडद्यावर मराठी अक्षरेही नीट उमटतात, पण ‘नेट लागत नाही’. तेथून निर्लेखनाच्या प्रस्तावापर्यंतचे अंतर फार नसते.

प्रस्तुत लेखकाच्या विभागात असेच घडले. सुमारे पंधरा वर्षे वापरात असलेल्या एका संगणकावर लिनक्स प्रस्थापित केल्यानंतर एकही संकेतस्थळ उघडेना. ‘नेटवर्क कार्ड निकामी, संगणक दुरुस्तीयोग्य नाही’ असा शेरा लिहिला गेला आणि डेडस्टॉक नोंदवहीतून ते यंत्र कमी करण्याची टिपणीही तयार झाली. प्रत्यक्षात कार्ड पूर्णपणे चांगले होते. दोष अन्यत्र होता. तो कोठे होता हे योग्य ठिकाणी सांगितले जाईल. कारण तेथवर पोहोचण्याचा क्रम हाच या लेखाचा विषय आहे.

लेखात आलेल्या आज्ञा टर्मिनलमध्ये रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकावयाच्या असतात. येथे त्यांचे उच्चार किंवा अक्षरे दिली आहेत.

‘नेट नाही’ या विधानाचे विश्लेषण

‘नेट नाही’ हे निदान नव्हे, ती केवळ तक्रार आहे. संगणकापासून संकेतस्थळापर्यंतचा मार्ग अनेक थरांचा असतो. कर्नलला कार्ड ओळखू आले पाहिजे, त्याला योग्य ड्रायव्हर व फर्मवेअर मिळाले पाहिजे, केबलमधून किंवा रेडिओलहरींतून संकेत आला पाहिजे, संगणकाला आयपी पत्ता मिळाला पाहिजे, गेटवेपर्यंत वाट असली पाहिजे, नावाचे पत्त्यात रूपांतर झाले पाहिजे, आणि शेवटी ब्राउझरला संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची खात्री पटली पाहिजे. यांपैकी कोणताही एक थर ढासळला तरी वापरणाऱ्याला दिसणारे दृश्य एकच असते : पान उघडत नाही. म्हणून शोध खालच्या थरापासून वर न्यावा लागतो. ब्राउझर पुनःपुन्हा उघडून पाहणे हे वरून खाली उतरणे होय, आणि त्यातून सहसा काही हाती लागत नाही.

कार्ड, केबल आणि बदललेली नावे

प्रथम संगणकाच्या मागील बाजूस, जेथे केबल जोडतात, तेथील दिवा पाहावा. दिवा अजिबात लागत नसेल तर केबल, भिंतीवरील जोडखाच किंवा स्विच यांची शंका घ्यावी. लिनक्सला दोष देण्याची घाई करू नये. ‘आयपी लिंक’ ही आज्ञा दिल्यावर कार्डाच्या ओळीत ‘नो-कॅरिअर’ असे शब्द दिसले तर कार्ड ओळखले गेले आहे, परंतु समोरून संकेत येत नाही, असा त्याचा अर्थ होतो. कार्डाचा उल्लेखच नसेल तर प्रश्न ड्रायव्हरचा आहे.

येथे जुन्या मार्गदर्शक पुस्तकांमुळे होणारा एक गोंधळ नमूद करणे आवश्यक आहे. त्या पुस्तकांत तारेच्या कार्डाला ‘ईटीएच०’ असे नाव असते. सिस्टमडी या व्यवस्थेच्या १९७ व्या आवृत्तीपासून, म्हणजे जानेवारी २०१३ पासून, कार्डाच्या जागेवरून नाव देण्याची पद्धत आली. त्यामुळे ‘ईएनपी२एस०’ यासारखे नाव दिसते. ते दुसऱ्या क्रमांकाच्या बसवरील शून्य क्रमांकाच्या खाचेतील इथरनेट कार्ड दर्शविते. पुस्तकात पाहून ‘ईटीएच०’ टंकणाऱ्यास ‘असे उपकरण नाही’ हे उत्तर मिळते आणि कार्ड गेले असा त्याचा समज होतो. त्याच पुस्तकांतील ‘इफकॉन्फिग’ ही आज्ञाही आज अनेक वितरणांत आपोआप येत नाही. तिची जागा ‘आयपी’ या आज्ञेने घेतली आहे.

तारेच्या कार्डांबाबत जुने संगणक बहुधा त्रास देत नाहीत. एकेकाळी सर्वत्र आढळणारे रिअलटेक ८१३९ हे कार्ड लिनक्सचे कर्नल कोणत्याही साहाय्याविना ओळखते.

फर्मवेअरचा पेच

वाय-फायच्या बाबतीत मात्र परिस्थिती वेगळी आहे, आणि जुन्या लॅपटॉपवरील निम्म्याहून अधिक वैताग येथेच साठलेला असतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत झाले आहे.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर या दोन वस्तू भिन्न आहेत. ड्रायव्हर हा कर्नलचा भाग असून तो संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर चालतो. फर्मवेअर हा कार्डावरील चिपमध्ये चालणारा छोटा प्रोग्रॅम होय. अनेक वाय-फाय चिपांत तो कायमस्वरूपी साठविलेला नसतो. संगणक सुरू होताना प्रत्येक वेळी ड्रायव्हरला तो चिपमध्ये भरावा लागतो. ड्रायव्हर मुक्त परवान्याखाली उपलब्ध असला तरी फर्मवेअर ही निर्मात्याची मालमत्ता असते आणि ती वाटण्याची मुभा असेलच असे नाही. म्हणजे दोष तांत्रिक भासत असला तरी त्याचे मूळ परवान्यात असते.

डेबियन या वितरणाने तत्त्व म्हणून असे अमुक्त फर्मवेअर आपल्या अधिकृत प्रस्थापन-प्रतीत दीर्घकाळ ठेवले नव्हते. २०२२ मध्ये सदस्यांच्या मतदानाने हे धोरण बदलले आणि १० जून २०२३ रोजी प्रसिद्ध झालेल्या डेबियन १२ पासून ते प्रस्थापन-प्रतीतच समाविष्ट झाले. तेव्हा विभागातील कपाटात पडून असलेल्या जुन्या डीव्हीडीवरून डेबियन प्रस्थापित केले असता वाय-फाय न चालणे हे अपेक्षितच आहे.

ब्रॉडकॉमच्या ४३ ने सुरू होणाऱ्या क्रमांकांच्या जुन्या चिपांचा प्रश्न याहून बिकट आहे. त्यांच्यासाठीचा ‘बी४३’ हा ड्रायव्हर स्वतंत्र अभ्यासकांनी चिपच्या वर्तनाचे उलट-विश्लेषण करून लिहिला; परंतु त्यास लागणारे फर्मवेअर वाटण्याची परवानगी नसल्याने ते महाजालावरून उतरवून घ्यावे लागते. नेट हवे म्हणून फर्मवेअर हवे, आणि फर्मवेअरसाठी आधी नेट हवे! याउलट अथेरॉसच्या ‘एटीएच५के’ व ‘एटीएच९के’ या ड्रायव्हरांवर चालणाऱ्या, संगणकाच्या आत बसविलेल्या कार्डांना बाहेरून फर्मवेअर भरावेच लागत नाही. जुना लॅपटॉप निवडण्याची संधी असेल तर ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आपल्या संगणकात कोणती चिप आहे हे लॅपटॉपच्या झाकणावरील नावावरून कळत नाही. त्यासाठी ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेला एक आडवी रेघ व ‘एनएनके’ ही अक्षरे जोडावीत. प्रत्येक उपकरणापुढे चौकटी कंसात निर्मात्याचा व उपकरणाचा क्रमांक येतो आणि त्याखाली वापरात असलेल्या ड्रायव्हरचे नाव येते. ड्रायव्हरची ओळच नसेल तर ड्रायव्हर लागू झालेला नाही. ओळ आहे पण वाय-फाय नाही, अशी स्थिती असेल तर प्रशासकाच्या अधिकाराने ‘डीएमईएसजी’ ही आज्ञा देऊन कर्नलच्या नोंदींत ‘फर्मवेअर’ हा शब्द शोधावा. कोणती फाइल सापडली नाही तिचे नाव तेथे बहुधा स्पष्ट लिहिलेले असते. वरील पेच सोडविण्याचा सोपा मार्ग आज जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात असतो. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून त्यावरील यूएसबी टेदरिंग सुरू केले की लिनक्सला तो फोन तारेच्या कार्डासारखा दिसतो. त्यावरून फर्मवेअर उतरवून घेता येते.

फर्मवेअर ठीक असूनही जाळे दिसत नसेल तर ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा द्यावी. ‘हार्ड ब्लॉक्ड’ यापुढे ‘येस’ असेल तर लॅपटॉपच्या कडेवरील वाय-फायचे बटण बंद आहे. ते कोणत्याही आज्ञेने उघडत नाही, बोटानेच सरकवावे लागते. याशिवाय अनेक जुन्या कार्डांना केवळ २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ऐकू येतो. महाविद्यालयाने नवे राउटर केवळ ५ गिगाहर्ट्झवर किंवा केवळ डब्ल्यूपीए३ या सुरक्षापद्धतीवर ठेवले असेल तर अशा कार्डाचा इलाज लिनक्समध्ये नाही. तेथे स्वस्त यूएसबी अडॅप्टर घेणे किंवा सरळ केबल टाकणे श्रेयस्कर.

पत्ता, वाट आणि नाव

कार्ड चालू झाल्यावर ‘आयपी अ‍ॅड्र’ या आज्ञेने पत्ता मिळाला आहे की नाही ते पाहावे. पत्ता नसेल किंवा तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपी सेवेकडून उत्तर आलेले नाही. याचे एक कारण महाविद्यालयांत विशेष आढळते. अनेक ठिकाणी पत्ता, गेटवे, नेटमास्क आणि डीएनएस हे चार तपशील हाताने भरलेले असतात. विंडोज पुसताना ते तिच्याबरोबर पुसले जातात, आणि ते मुळात होते याचीही कोणास आठवण राहत नाही. प्रस्थापनेपूर्वी हे तपशील कागदावर उतरवून घेतल्यास पुढील बराच वेळ वाचतो. दुसरे कारण असे की काही संस्थांत प्रत्येक कार्डाच्या मॅक पत्त्याची नोंद करूनच प्रवेश दिला जातो. नवे कार्ड अथवा यूएसबी अडॅप्टर बसविले असेल तर ते संस्थेच्या यादीत नसते. अशा वेळी दुरुस्ती संगणकावर नव्हे, नेटवर्क सांभाळणाऱ्या सहकाऱ्याकडे असते.

पत्ता मिळाल्यावर ‘आयपी राउट’ या आज्ञेने गेटवेचा पत्ता पाहून त्यास ‘पिंग’ करावे. तेथून उत्तर आल्यास ८.८.८.८ यासारख्या बाहेरील पत्त्यास करावे, आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावास. अंकांना उत्तर मिळते पण नावाला मिळत नाही, अशी स्थिती असेल तर दोष केवळ डीएनएसचा आहे. मात्र काही संस्थांची फायरवॉल ‘पिंग’ला उत्तरच देऊ देत नाही, हे विसरू नये. शेजारच्या चालू संगणकावरून तीच आज्ञा देऊन तुलना केल्याखेरीज निष्कर्ष काढू नये.

प्रॉक्सीची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. ब्राउझरमध्ये प्रॉक्सी भरली म्हणजे ती सर्व प्रणालीस लागू झाली असे नव्हे. डेबियन व उबुंटूवरील ‘एपीटी’ या साधनास ती वेगळी सांगावी लागते.

जुन्या यंत्रास जुनेच लिनक्स?

जुन्या यंत्रास जुनी आवृत्ती मानवेल, हा समज स्वाभाविक असला तरी नेटवर्कच्या दृष्टीने घातक आहे. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रे ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्रावर विसंबून होती त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली. अद्ययावत न केलेल्या अनेक प्रणालींवर त्यानंतर असंख्य संकेतस्थळे उघडेनाशी झाली. आवृत्ती नवी आणि डेस्कटॉप हलका, हे सूत्र अधिक योग्य होय. केवळ ३२-बिट प्रोसेसर असलेल्या यंत्रांपुढे मात्र मर्यादा आहे : ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलेल्या डेबियन १३ मध्ये अशा यंत्रांसाठी प्रस्थापन-प्रत नाही, त्यामुळे त्यांना डेबियन १२ वरच थांबावे लागते. कोअर २ ड्युओ प्रोसेसर ६४-बिट असल्याने त्यांस ही अडचण नाही.

घड्याळाचा दोष

आता विभागातील त्या संगणकाविषयी. त्याचा दिवा लागत होता, पत्ता मिळाला होता, गेटवे उत्तर देत होता, नावाचे रूपांतरही होत होते. तरीही प्रत्येक संकेतस्थळ ‘जोडणी सुरक्षित नाही’ असे म्हणून अडत होते आणि अद्ययावतीकरण करू पाहता ‘ही फाइल अद्याप वैध नाही’ असा संदेश येत होता. ‘अद्याप’ हा शब्दच सूचक होता. ‘टाइमडेटसीटीएल’ ही आज्ञा दिली तेव्हा यंत्राची तारीख सुमारे दोन वर्षे मागे असल्याचे दिसले. संकेतस्थळांची प्रमाणपत्रे त्या तारखेनंतर दिलेली असल्याने संगणकाच्या दृष्टीने ती भविष्यकाळातील, म्हणून अवैध होती. ब्राउझरच्या इशाऱ्यात घड्याळाचा उल्लेखही होता. पण इशारे वाचण्याची सवय आपणांस नसते.

मदरबोर्डवरील सीआर २०३२ क्रमांकाची, नाण्याएवढी, तीन व्होल्टची बॅटरी संपली की संगणक बंद असताना घड्याळ चालत नाही. पूर्वी अशा वेळी तारीख कित्येक वर्षे मागे जाऊन दोष चटकन नजरेस येई. आजची सिस्टमडी व्यवस्था मात्र घड्याळ आपल्या स्वतःच्या निर्मितीच्या तारखेपेक्षा मागे राहू देत नाही. परिणामी चुकीची तारीखही विश्वसनीय भासते आणि नजरेतून निसटते. एरवी एनटीपी सेवेने वेळ आपोआप सुधारली असती, परंतु ती १२३ क्रमांकाच्या पोर्टवरून चालते आणि संस्थेच्या फायरवॉलने तो पोर्ट बाहेरच्या दिशेने बंद ठेवला होता.

बॅटरी बदलली, तारीख हाताने दुरुस्त केली, अंतर्गत वेळ-सेवकाचा पत्ता मागवून घेतला. निर्लेखनाची टिपणी मागे घेण्यात आली. त्या संगणकाच्या कॅबिनेटवर आता एक कागद चिकटविलेला आहे. त्यावर कार्डाचा क्रमांक, ड्रायव्हरचे नाव, हाताने भरलेले चार तपशील आणि बॅटरी बदलल्याची तारीख लिहिलेली आहे.