शिकाऊ वाहन परवाना चाचणीचा ऑनलाइन सराव

शिकाऊ वाहन परवाना चाचणीचा ऑनलाइन सराव म्हणजे भारतात शिकाऊ परवान्यासाठी (बोलीभाषेत 'लर्निंग लायसन्स') द्यावयाच्या संगणकीय चाचणीची तयारी प्रश्नमंजूषा, चिन्हे ओळखण्याचे खेळ व सराव चाचण्या यांच्या साहाय्याने करणे होय. केंद्र शासनाच्या 'सारथी' संकेतस्थळावरही सराव चाचणी उपलब्ध आहे.

चाचणीचे स्वरूप
केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११ नुसार या चाचणीत वाहतूक चिन्हे व रस्त्याचे नियम, अपघातप्रसंगी चालकाची कर्तव्ये, रखवालदार नसलेले रेल्वे फाटक ओलांडताना घ्यावयाची काळजी आणि वाहनासोबत बाळगावयाची कागदपत्रे यांचे ज्ञान तपासले जाते. महाराष्ट्रात १५ प्रश्नांपैकी किमान ९ प्रश्नांची बरोबर उत्तरे आवश्यक असतात. जून २०२१ पासून आधार क्रमांकाच्या साहाय्याने ही चाचणी घरबसल्या देण्याची सोय राज्यात झाली.

सरावाची पद्धत
वाहतूक चिन्हांचे आकारानुसार वर्गीकरण होत असल्याने ती खेळांतून सहज लक्षात राहतात. आज्ञादर्शक चिन्हे बहुधा वर्तुळाकार, सावधानतादर्शक त्रिकोणी, तर माहितीदर्शक आयताकृती असतात. 'थांबा' हे चिन्ह अष्टकोनी व 'रस्ता द्या' हे उलट्या त्रिकोणाचे असल्यामुळे ती दुरूनही ओळखता येतात. प्रत्येक उत्तर लगेच तपासले जात असल्याने चूक तत्काळ कळते. मात्र त्यामागील कारण समजून न घेता उत्तरे पाठ केल्यास प्रश्नाची मांडणी बदलताच गोंधळ होतो.

मर्यादा
नियंत्रण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्या वाहनास सामान्यतः प्राधान्य द्यावे, हे खेळातून शिकता येते. परंतु कोथरूडमधील कर्वे रस्ता किंवा पौड रस्ता यांसारख्या वर्दळीच्या मार्गावर समोरच्या वाहनाचा वेग व अंतर यांचा अंदाज घेणे प्रत्यक्ष चालवूनच साधते. घरून दिलेल्या चाचणीत परीक्षक समोर नसतो. दुसऱ्याकडून उत्तरे मिळवणाऱ्या उमेदवाराला परवाना मिळाला, तरी नियमांचे अज्ञान तसेच राहते व त्याची झळ रस्त्यावरील इतरांनाही बसू शकते.

पुढील टप्पा
कोथरूड हा भाग पुणे प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या (एमएच-१२) कार्यक्षेत्रात येतो. शिकाऊ परवाना सहा महिने वैध असतो. तो मिळाल्यापासून ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्याची वाहनचालन चाचणी देता येते. पुण्यात मोटारकारची चाचणी भोसरी येथील वाहनचालन प्रशिक्षण व संशोधन संस्थेच्या मार्गावर घेतली जाते. या चाचणीत अनुत्तीर्ण झाल्यास सात दिवसांनंतर, तर तीनदा अनुत्तीर्ण झाल्यास ६० दिवसांनंतरच पुन्हा बसता येते.