फळीवरची भाकरी

सकाळी 9.30. सदाशिव पेठेतली खानावळ. दारातल्या काळ्या फळीवर मालक खडूनं लिहितो : ‘ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ. तेल कमी.’ गिऱ्हाईक बहुतेक स्पर्धा परीक्षेची मुलं. दिवसभर अभ्यासिकेत बसून पोटं सुटायला लागली, तेव्हा भाकरी त्यांनीच मागितली.

10.00. मावशी दांडेकर पुलाकडून चालत येतात. पदर खोचतात, पिठाच्या डब्यात हात घालतात.

“दादा, कधीचं दळण?”

“परवाचं.”

मालदांडी ज्वारीचं पीठ. जुनं झालं की विरी जाते, भाकरी थापताना चिरते. म्हणून दळण थोडं थोडं, आणि गिरणीच्या खेपा जास्त.

11.00. उसळीला फोडणी. पूर्वी तेल डब्यातून सरळ कढईत जायचं, आता पळीनं मोजून. तर्री मात्र वेगळ्या पातेल्यात, मागेल त्याला. ही तडजोड मला पटली. नुसती बेचव उसळ दुसऱ्या दिवशी कोण खाईल?

12.15. आधणाचं पाणी परातीत. मावशी तळहाताच्या टाचेनं पीठ मळतात, गोळा करतात, थापतात. भाकरी तव्यावर पडली की वरून पाण्याचा हात. उलटली, मग जाळावर. टम्म फुगते, पापुद्रा सुटतो. तोवर दुसरी थापून तयार. दोन तवे, दोन शेगड्या, एक माणूस. मनगटाला जुन्या साडीची चिंधी बांधलेली.

1.30. गर्दी. पोळ्या अकरालाच लाटून डब्यात गेल्यात. भाकरी तशी ठेवली तर वातड होते. ताटाबरोबरच करावी लागते. पोळीवाली तासाला साठ-सत्तर उतरवते, मावशी तीस-पस्तीस. भाकरीच्या ताटाला दहा रुपये जास्त. त्यावरही मुलं कुरकुरतात.

3.15. शंभरावर भाकऱ्या झाल्या. मावशी पहिल्यांदा टेकतात. महिन्याचे 12,000. मागे कालच्या भज्यांचं तेल कॅनमध्ये भरलेलं, बायोडिझेलवाला नेईल. तळणाच्या तेलातले ध्रुवीय घटक 25 टक्क्यांवर गेले की ते वापरायचं नाही, असा नियम 2018पासून आहे. मालकाकडे मोजायचं यंत्र नाही. रंग आणि फेस बघून ठरवतो.

3.40. “दादा, उद्या-परवा नाही यायची. भाचीचं लग्न.”

बदली बाई मिळत नाही. पोळीला मिळते, भाकरीला नाही. मालक ओलं फडकं घेतो, ‘ज्वारीची भाकरी’ पुसतो आणि ‘पोळी’ लिहितो.