पाव मैलासाठी सहा सिलिंडर

ड्रॅगस्टर घरी बांधायला निघालेला माणूस बहुतेक वेळा इंजिनापासून सुरुवात करतो. जुन्या ट्रकचे एखादे इंजिन स्वस्तात मिळालेले असते, ते शेडमध्ये येऊन पडते आणि मग त्याच्याभोवती गाडी रचली जाते. इंजिन पुढे आणि चालक मागे अशी गाडी बांधायची असेल, तर हा क्रम मोडावा असे माझे ठाम मत आहे. कागदावरची पहिली रेघ चालकाच्या बैठकीची हवी. या गाडीत तो मागच्या ॲक्सलच्याही मागे बसतो. त्याचे पाय ॲक्सलच्या नळ्यांवरून पुढे जातात, डिफरन्शियलचा गोळा मांड्यांच्या मध्ये येतो, पोटऱ्यांच्या मध्ये गिअरबॉक्स आणि पावलांच्या पुढ्यात फ्लायव्हील. वेगाने फिरणारी आणि फुटू शकणारी प्रत्येक वस्तू त्याच्या शरीराला खेटून असते. तेव्हा बैठक, तिच्याभोवतीचा संरक्षक पिंजरा आणि पाय यांची जागा आधी. मग नळ्या, ॲक्सल. आणि शेवटी इंजिन.

ही विचित्र बैठक आली कुठून? दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून दक्षिण कॅलिफोर्नियातली तरुण मंडळी म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या पडलेल्या तलावांच्या सपाट तळांवर घरी दुरुस्त केलेल्या गाड्या पळवत. युद्धानंतर ही हौस डांबरी धावपट्ट्यांवर आली. १९४९ मध्ये गोलेटा इथे रीतसर शर्यत झाली आणि १९५० मध्ये सँटा ॲनाच्या विमानतळावर नियमित, तिकीट लावून शर्यती भरू लागल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजे एनएचआरए, स्थापन केली. अंतर पाव मैलाचे, ४४० यार्ड, आपल्या हिशेबात ४०२ मीटर. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, थांबल्या जागेवरून सुटतात आणि आधी पोचते ती जिंकते. हीच ड्रॅग शर्यत, आणि तिच्यासाठीच बांधलेली गाडी म्हणजे ड्रॅगस्टर.

त्या काळचे टायर कडक असत. इंजिनात ताकद होती, पण चाके जागच्या जागी गरगरत. उपाय एकच दिसत होता : जेवढे वजन मागच्या चाकांवर ढकलता येईल तेवढे ढकलायचे. १९५० च्या दशकाच्या मध्यावर मिकी थॉम्पसनने चालकाला उचलून ॲक्सलच्या मागे बसवले. या रचनेला स्लिंगशॉट म्हणू लागले आणि पुढची सुमारे पंधरा वर्षे ड्रॅगस्टर म्हटले की हीच आकृती डोळ्यांपुढे येई.

घरी बांधणाऱ्यांसाठी त्या वर्षांतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तयार सांगाडे विकत मिळू लागले. स्कॉटी फेनच्या चेसिस रिसर्चचा टीई-४४० हा सांगाडा आणि कार्ल्सबाडच्या जिम नेल्सन व डोड मार्टिन यांच्या ड्रॅगमास्टरचे सांगाडे विकत घेऊन साध्या गॅरेजवाल्यांनी गाड्या उभ्या केल्या. इंजिन ज्याचे त्याचे, पण भूमिती जाणत्याने ठरवलेली. आजही स्वतःच्या हाताने नळ्या वाकवणाऱ्याने त्या काळच्या सांगाड्यांची मापे अभ्यासावीत, असे मी आग्रहाने सांगेन.

या रचनेचा शेवट कसा झाला हे ठाऊक असल्याशिवाय तिचा नकाशा काढायला बसू नये. ८ मार्च १९७० रोजी लाँग बीचच्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर शर्यतपटू डॉन गार्लिट्सच्या गाडीचा गिअरबॉक्स सुटतानाच फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. त्याने मग इंजिन चालकाच्या पाठीमागे असलेली गाडी बांधली. आधीच्या तशा गाड्या सरळ रेषेत पळत नसत. स्टिअरिंगचे गुणोत्तर मंद केल्यावर ती खोड गेली आणि १९७१ मध्ये पोमोनाची विंटरनॅशनल्स स्पर्धा गार्लिट्सने जिंकली. दोन-तीन हंगामांत वरच्या वर्गातली पुढच्या इंजिनाची गाडी मागे पडली. आज ती जुन्या धाटणीच्या शर्यतींमध्ये पळते. बेकर्सफील्डजवळच्या फमोसो धावपट्टीवरची मार्च मीट ही त्यांतली नावाजलेली शर्यत. तिची सुरुवात १९५९ ची.

आता इंजिन. अशा गाडीत लोक डोळे झाकून व्ही-८ बसवतात. एका ओळीतले सहा सिलिंडर हा गरिबाचा पर्याय समजला जातो. मला तो या सांगाड्यासाठी जास्त शहाणपणाचा वाटतो. ओळीतले इंजिन लांब आणि अरुंद असते. रस्त्यावरच्या गाडीत ती लांबी अडचणीची. इथे मात्र पुढच्या चाकांपर्यंत मोकळी जागा पडलेली असते आणि अरुंदपणामुळे मागे बसलेल्या चालकाला दोन्ही बाजूंनी धावपट्टी दिसते. शिवाय सहाच्या ओळीचा तोल निसर्गतः उत्तम असतो. पिस्टनच्या खालीवर होण्याने निर्माण होणारी पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीची बले एकमेकांना पूर्ण रद्द करतात, त्यामुळे इंजिन थेट सांगाड्याला आवळले तरी थरथर कमी.

या इंजिनाशी आपल्याकडचेही जुने नाते आहे. शेव्हरोलेने सहा सिलिंडरची गाडी १९२९ च्या मॉडेलपासून आणली, आणि शेव्हरोलेच्या मालक जनरल मोटर्सने त्याच सुमारास, १९२८ मध्ये, मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली होती. पुढे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला डॉज, प्लायमाउथ, डिसोटो जोडल्या. त्यांतही सहाच्या ओळीची इंजिने होती. आपल्या आजोबांच्या पिढीतल्या मिस्त्रींना हे यंत्र पुरेपूर ठाऊक होते.

ड्रॅगस्टरसाठी मी शेव्हरोलेच्या १९६० च्या दशकातल्या घराण्यातून निवड करेन : २५० किंवा २९२ घनइंच, म्हणजे ४.१ किंवा ४.८ लिटर. दोन्हींच्या क्रँकशाफ्टला सात मुख्य बेअरिंग आहेत. पण निवडीचे खरे कारण मागच्या तोंडाला आहे. या इंजिनांचा बेलहाउसिंगचा, म्हणजे गिअरबॉक्स जिथे जोडतात त्या कवचाचा, बोल्टनकाशा त्याच कंपनीच्या छोट्या व्ही-८ शी जुळतो. त्यामुळे पॉवरग्लाइड हा दोन गिअरचा स्वयंचलित गिअरबॉक्स, ज्याच्यासाठी शर्यतीचे भाग आणि संरक्षक कवचे आजही मिळतात, सरळ बसतो. क्रायस्लरचे ३० अंश कललेले स्लँट सिक्स मजबूत आहे, पण त्याचा बोल्टनकाशा वेगळा. फोर्डचे ३०० हेही चांगले इंजिन. ज्याच्या हाताशी ते असेल त्याने शेव्हरोलेच्या मागे धावू नये.

२५० की २९२? २५० चा स्ट्रोक ८९.७ मिलिमीटर, २९२ चा १०४.६. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर पिस्टनची सरासरी गती पहिल्यात सेकंदाला १७.९ मीटर, दुसऱ्यात २०.९. लांब क्रँकशाफ्टला पीळ बसतो. प्रत्येक स्फोटागणिक तो पिळतो आणि उलगडतो, आणि ठरावीक फेऱ्यांवर हा पीळ वाढत जातो. पुढच्या टोकाचा हार्मोनिक बॅलन्सर त्यासाठीच असतो. तो जुना, रबर सुकलेला वापरणे म्हणजे क्रँक मोडायला आमंत्रण. मी २९२ घेईन आणि फेऱ्या ५५०० च्या आसपास रोखेन. दोनच गिअर असलेल्या गाडीत खालच्या फेऱ्यांवरची ओढ कामाला येते.

या घराण्याची खरी दुखरी नस सिलिंडर हेडमध्ये आहे. सहा सिलिंडरना हवा-इंधन आत घ्यायला तीनच दारे आहेत : एक-दोन, तीन-चार आणि पाच-सहा अशा जोड्या एकेक दार वाटून घेतात. स्फोटांचा क्रम १-५-३-६-२-४. क्रँकच्या १२० अंशांनी एकेक मोजत गेले की गंमत कळते. तीन आणि चार यांच्यात दोन्ही बाजूंनी ३६० अंशांचे अंतर पडते, त्यांचे भांडण नाही. पण दोननंतर एकची पाळी २४० अंशांनीच येते, आणि पाचनंतर सहाचीही. शर्यतीच्या कॅमवर इनटेक व्हॉल्व्ह २८० अंश उघडा राहत असेल, तर ४० अंश दोन्ही शेजारी एकाच दारातून ओढत असतात. म्हणून टोकाच्या जोड्यांना मिश्रण मधल्या जोडीपेक्षा वेगळे मिळते. त्यात भर म्हणजे दाराच्या मधून हेडच्या बोल्टचा खांब जातो. तो काढून दाराच्या तळाला घडवलेला उंचवटा बसवण्याची पद्धत अमेरिकेतल्या सहावाल्यांनी रूढ केली. हवा त्यामुळे व्हॉल्व्हकडे नीट वळते. वेन हॉर्निंगने तर आधीच्या पिढीच्या इंजिनांसाठी प्रत्येक व्हॉल्व्हला स्वतंत्र दार देणारे बारा दारांचे हेडच ओतवले होते.

किती ताकद मागायची? इथे कागदावरचा हिशेब फार उपयोगी पडतो. पाव मैलाची वेळ वजन आणि ताकद यांच्या भागाकाराच्या घनमुळावर अवलंबून असते. नेहमीच्या सूत्रात पौंडांना अश्वशक्तीने भागून घनमूळ काढायचे आणि ५.८२५ ने गुणायचे. चालकासह गाडी १५०० पौंड, म्हणजे ६८० किलो धरू. २५० अश्वशक्तीला वेळ येते १०.५८ सेकंद, आणि शेवटचा वेग ताशी २०७ किलोमीटरच्या घरात. ३०० अश्वशक्तीला ९.९६ सेकंद आणि ताशी २२० किलोमीटर. फरक बासष्ट शतांश सेकंदांचा दिसतो, पण मध्ये एक सीमा आहे. एनएचआरएच्या नियमांत दहा सेकंदांच्या आत किंवा ताशी १३५ मैलांवर गेले की प्रमाणित सांगाडा आणि स्पर्धेचा परवाना लागतो. घरी पहिल्यांदा बांधणाऱ्याने सांगाडा त्या कडक नियमांना उतरेल असाच जोडावा आणि इंजिन मात्र साडेदहा सेकंदांचे ठेवावे. ब्रॅकेट शर्यतीत प्रत्येक जण आपली वेळ आधी जाहीर करतो आणि मंद गाडीला तेवढी आघाडी मिळते. जाहीर वेळेपेक्षा लवकर पोचणारा बाद होतो. तिथे दर खेपेला तीच वेळ देणारी गाडी जिंकते, आणि सौम्य ताकदीचे सहा सिलिंडर हे काम मनापासून करते.

सांगाड्याची लांबी हाही हिशेबाचाच भाग. सुटताना वजन मागे सरकते. किती, ते त्वरण आणि गुरुत्वमध्याची उंची यांवर वाढते आणि चाकांमधल्या अंतराने घटते. गुरुत्वाच्या दीडपट त्वरण, गुरुत्वमध्य जमिनीपासून ४६ सेंटिमीटर आणि चाकांमधले अंतर ३८१ सेंटिमीटर, म्हणजे १५० इंच, धरले तर सुमारे १२३ किलो मागे जातात. तेच अंतर १०० इंच ठेवले तर १८५. स्थिर गाडीत पुढच्या चाकांवर १७० किलोच असतील, तर १०० इंचांची गाडी नाक वर करेल आणि १५० इंचांची पुढच्या चाकांवर ४७ किलो राखून धावेल. ते ४७ किलो म्हणजे तुमचे स्टिअरिंग. चालक ॲक्सलच्या ४० सेंटिमीटर मागे बसला, तर त्याचे ८० किलो मागच्या चाकांना ८८ किलो वाटतात. सांगाडा लांबला की हा लाभ घटतो. आजचे मऊ टायर पाहता लाभ गेला तरी चालेल, लांबी सोडू नये.

गुरुत्वाच्या दीडपट त्वरणाला इंजिनातल्या तेलाचा पृष्ठभाग सुमारे ५६ अंश कलतो. सहा सिलिंडरचा तेलाचा टब लांबलचक, त्यामुळे सगळे तेल मागच्या भिंतीवर चढते. तेल खेचणारी नळी मागच्या टोकाला आणि मध्ये आडव्या पट्ट्या, याला पर्याय नाही. पेट्रोलची टाकी मात्र नाकाजवळ ठेवावी. तेच त्वरण इंधनाला इंजिनाकडे रेटते.

मागे स्प्रिंग नसतात. ॲक्सल सांगाड्याला पक्का बोल्ट करतात आणि डिफरन्शियलच्या जागी दोन्ही चाके एकत्र फिरवणारा स्पूल. फोर्डचा नऊ इंची ॲक्सल अरुंद करून वापरणे सर्वांत सोयीचे, कारण त्याचा गिअरांचा संच पुढून सबंध बाहेर निघतो. ३० इंची टायरवर ताशी २०७ किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे १४४५ फेऱ्या करते, ३.७० चे गुणोत्तर दिले तर इंजिन ५३५० वर येते, आणि गिअरबॉक्सच्या टॉर्क कन्व्हर्टरची घसरण जमेस धरून ५६०० च्या आसपास.

आता पुन्हा त्या पायांकडे. गिअरबॉक्सवर प्रमाणित कवच, फ्लायव्हीलच्या जागी येणाऱ्या फ्लेक्सप्लेटभोवती पोलादी ढाल, आणि गिअरबॉक्सपासून ॲक्सलपर्यंतच्या आखूड दांड्यावर पूर्ण बंद नळी. यांची मापे बैठकीच्या नकाशातच आली पाहिजेत, कारण नंतर पायांना जागा उरत नाही आणि मग माणूस ढाल कापून लहान करतो. इंजिनातून उडणारे तेल आणि आग सरळ चालकाच्या तोंडावर येते. अग्निरोधक कपडे, मुखवटा, हातांचे बंध यांचा खर्च इंजिनाच्या खर्चाआधी बाजूला काढावा. क्रोमोलीच्या नळ्या घेतल्या तर टिग वेल्डिंग करणारा कसबी माणूस हवा, आणि जोडाला ग्राइंडर लावायचा नाही. घासलेला जोड तपासनीस नाकारतो, आणि योग्यच करतो : गुळगुळीत दिसणाऱ्या जोडात धातू किती उरला आहे ते बाहेरून कळत नाही.

पहिल्या दिवशी पाव मैल पळवू नये. साठ फुटांपर्यंत सुटून थांबायचे, प्रत्येक बोल्ट तपासायचा. मग अर्ध्या पट्टीपर्यंत. पूर्ण धाव झाल्यावर शेवटच्या रेषेपाशीच इंजिन बंद करायचे आणि सहाही स्पार्क प्लग काढून क्रमाने मांडायचे. टोकाच्या जोड्यांचा रंग मधल्यांपेक्षा फिका निघाला, तर इंधन तिथे कमी पडते आहे. दर दाराला एक असे तीन कार्बोरेटर असतील, तर जेट टोकाच्या दोघांचे वाढवायचे आणि मधल्याला हात लावायचा नाही.