डोंगर १० हजार मैल उंच!

१७ जून १९८५. रमझान संपत आला असताना राजपुत्र सुलतान बिन सलमान 'डिस्कव्हरी' यानातून अवकाशात गेले. ते पहिले अरब अंतराळवीर. यानातल्या ७ जणांची नावे वर्तमानपत्रांतून गाजली. ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रात पाळीपाळीने बसणाऱ्यांची मात्र कोणी विचारपूस केली नाही. जुबैल-यान्बूच्या कारखान्यांत रात्रपाळीला काट्यांवर डोळे लावून बसणाऱ्या आपल्या मंडळींना यात काही नवल वाटायचे नाही.

या केंद्राची घडी ख्रिस्तोफर क्राफ्ट यांनी बसवली. आधी फ्लोरिडात, १९६५ पासून ह्यूस्टनला. एकेक मेज एकेका विषयाचे. सर्वांचे ऐकून निर्णय देणारा उड्डाणसंचालक एकच, आणि यानाशी बोलणाराही एकच, बहुधा स्वतः अंतराळवीर. (आमच्या लग्नघरांत ही पद्धत कोणी आणील तर फार उपकार होतील!)

सुलतान यांच्या सफरीत याच व्यवस्थेची फजिती झाली. हवाई बेटांतील माउईच्या डोंगरावरून लेसरचा झोत सोडायचा आणि यानाच्या खिडकीत बसवलेल्या आरशाने तो परतवायचा, असा प्रयोग होता. डोंगराची उंची सुमारे १० हजार फूट. खालून आकडा बरोबर गेला. पण संगणकाला तो सागरी मैलांत हवा होता! यान जेमतेम साडेतीनशे किलोमीटरवर. संगणकाने मात्र डोंगर १० हजार मैल उंच मानला आणि ते शिखर शोधत खिडकी वर आकाशाकडे फिरवली. चूक उमगली, पुढच्या खेपेस प्रयोग साधला.

सगळ्याच चुका अशा हसण्यावारी नेता येत नाहीत. जानेवारी २००३ मध्ये कल्पना चावला यांच्या 'कोलंबिया'च्या डाव्या पंखावर उड्डाण होतानाच इंधनटाकीवरील फेसाचा तुकडा आदळला. पंखाची छायाचित्रे घ्यावीत, अशी मागणी खालच्या काही अभियंत्यांनी केली. वरिष्ठांनी ती पुढे नेली नाही. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटले, सातही जण गेले. ह्यूस्टनहून हाका जातच होत्या. उत्तर आले नाही.

मे २०२३ मध्ये रय्याना बरनावी आणि अली अल-करनी हे दोन सौदी अंतराळवीर अवकाशस्थानकावर जाऊन आले. बरनावी या पहिल्या सौदी महिला. त्यांच्या कुपीवर कॅलिफोर्नियातील हॉथॉर्नहून लक्ष होते, स्थानकावर ह्यूस्टनहून. आपल्या घड्याळाप्रमाणे ३१ मेच्या सकाळी सहाच्या सुमारास कुपी फ्लोरिडाजवळ समुद्रात उतरली. इकडे रात्रपाळी सुटायची ती वेळ.