उतारावरचे हेल्मेट : मोटोक्रॉसचे की सायकलचे?

डोंगरउतारावरून सायकल वेगाने खाली नेण्याच्या खेळाला डाउनहिल म्हणतात. या खेळात साधे सायकल हेल्मेट अपुरे पडते, कारण ते कपाळ आणि टाळूच झाकते. पुढचे चाक दगडाला अडले की स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो, आणि जमिनीला आधी टेकते ती बहुधा हनुवटी किंवा गाल. म्हणून डाउनहिलमध्ये हनुवटीसमोर भक्कम कमान असलेले फुल-फेस हेल्मेट वापरतात. जागतिक सायकलिंग संघटना यूसीआयने ते स्पर्धेत आणि सरावातही सक्तीचे केले आहे. अशा हेल्मेटांचे दोन प्रकार आहेत. एक मोटोक्रॉसचे, म्हणजे कच्च्या वाटेवरच्या मोटारसायकल शर्यतीचे. दुसरे खास सायकलसाठी बनवलेले. दोन्हींना पुढे छज्जा असतो, दोन्हींत गॉगल बसतो. दुकानाच्या काचेबाहेरून फरक कळत नाही.

हे साम्य योगायोगाचे नाही. १९७६ साली कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात रिपॅक नावाच्या उतारावर जुन्या जाडजूड सायकलींच्या शर्यती सुरू झाल्या, आणि १९९० मध्ये कोलोरॅडोतील डुरँगो येथे डाउनहिलची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. खेळ नवा होता, त्यामुळे त्याच्या गरजेची साधने मोटोक्रॉसकडून उसनी आली. सायकलची फुल-फेस हेल्मेट पुढे त्याच घडणीतून हलकी होत गेली.

मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्यात या दोन प्रकारांतली निवड कागदावरची राहत नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात अजिंठा रांगेचे पूर्वेकडचे फाटे उतरले आहेत, आणि औंढा नागनाथचा परिसर टेकड्यांचा आहे. उतार हिमालयासारखे लांब नाहीत, पण जमीन दख्खनच्या काळ्या बेसाल्टची आहे: वर सुटा मुरूम, मध्येच उघडे पडलेले धारदार दगड, आणि बैलगाड्यांनी खोल केलेल्या चाकोऱ्या. इथे पडणारा स्वार मऊ मातीवर पडेलच असे नाही; दगडाच्या टोकावर किंवा कडेवर डोके आपटण्याची शक्यता धरूनच चालावे लागते. शिवाय टेकडीच्या माथ्यावर सायकल नेऊन सोडणारा पाळणा नाही. वर जायचे ते पायडल मारत किंवा सायकल ढकलत, आणि उन्हाळ्यात मराठवाड्याचा पारा चाळिशी ओलांडतो. दगड आणि ऊन, या दोन गोष्टींवर हेल्मेटची निवड ठरायला हवी.

आधी दगडाचा विचार. हेल्मेटची चाचणी घेताना त्यात धातूचे कृत्रिम डोके बसवून ठरावीक उंचीवरून लोखंडी ऐरणीवर सोडतात आणि आतल्या डोक्याला किती धक्का पोहोचला ते मोजतात. अमेरिकेतील सायकल हेल्मेटांच्या सीपीएससी मानकात सपाट ऐरणीवर २ मीटर उंचीवरून टाकतात. जमिनीला टेकताना वेग ताशी साधारण २२ किलोमीटर होतो. हा आकडा वाचून अनेकांचा गैरसमज होतो. सायकल ताशी ५० किलोमीटरने धावत असेल तर हे हेल्मेट कुचकामी, असे त्यांना वाटते. मात्र चाचणीतला वेग हा डोके जमिनीकडे सरळ खाली येण्याचा वेग आहे. सायकलवर बसलेल्याचे डोके जमिनीपासून दीड ते पावणेदोन मीटरवर असते, म्हणजे साध्या पडण्यापुरता हिशेब जुळतो. झाडाला किंवा खडकाला समोरून धडक बसली तर मात्र हा हिशेब मोडतो.

गोलसर आणि कडेच्या ऐरणीवर, म्हणजे दगडासारख्या आकारावर, सीपीएससीची उंची १.२ मीटरच आहे. डाउनहिलसाठी वेगळे केलेले एएसटीएम एफ१९५२ हे मानक तीच उंची १.६ मीटर ठेवते. त्यामुळे धडकेची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते, आणि हनुवटीच्या कमानीची वेगळी चाचणीही द्यावी लागते. युरोपातील ईएन १०७८ हे सर्वसाधारण सायकल मानक सपाट ऐरणीवरही सुमारे दीड मीटरवर थांबते, आणि हनुवटीच्या कमानीबद्दल काहीच विचारत नाही. त्यामुळे हनुवटी झाकणारे प्रत्येक सायकल हेल्मेट डाउनहिलच्या लायकीचे नसते. आतल्या लेबलवर एफ१९५२ आहे का, हे पाहणे रंग आणि नाव पाहण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे. बेसाल्टच्या मुलखात तर त्यावर तडजोड करूच नये.

मोटोक्रॉस हेल्मेट सायकलच्या हेल्मेटपेक्षा मजबूत असते, ही समजूत अर्धी खरी आहे. अमेरिकेच्या डीओटी मानकात सपाट ऐरणीवरची उंची सुमारे १.८३ मीटर, म्हणजे सायकलच्या सीपीएससीपेक्षा किंचित कमीच आहे. तिथला कडकपणा दुसरीकडे आहे: एकाच जागी दोनदा आपटतात, आणि ३ किलोची टोकदार वस्तू ३ मीटरवरून टाकून कवच भेदले जाते का ते पाहतात. म्हणून कवच जाड होते आणि वजन वाढते. युरोपच्या ईसीई २२.०५ या आधीच्या मानकात मात्र आदळण्याचा वेग सेकंदाला ७.५ मीटर, म्हणजे जवळपास २.९ मीटर उंचीवरून पडल्याइतका होता. हनुवटीच्या बाबतीतही लेबल वाचावे लागते. डीओटी त्या कमानीची चाचणी घेत नाही. ईसीईच्या हेल्मेटवर ‘पी’ हे अक्षर असेल तर कमान संरक्षक म्हणून तपासलेली असते. जोरदार धडकेत चांगले मोटोक्रॉस हेल्मेट सरस ठरते, यात शंका नाही. पण मोठ्या धडकेसाठी कठीण ठेवलेला आतला थर्माकोलसारखा फेस लहान धडकेत पुरेसा दबत नाही, आणि तो दबला नाही तर धक्का डोक्याकडे जातो. सायकलवरून पडण्याचे बहुतेक प्रसंग लहान आणि मध्यम धडकेचेच असतात.

वजनाचा प्रश्न मानेचा आहे. सायकलचे फुल-फेस हेल्मेट साधारण ७०० ते १,१०० ग्रॅम भरते, मोटोक्रॉसचे १,२०० ते १,५०० ग्रॅम. पाचशे ग्रॅमचा फरक हातात घेतल्यावर किरकोळ वाटतो. खडकाळ वाटेवर गुरुत्वाच्या पाचपट हादरा बसला की तेच पाचशे ग्रॅम मानेला अडीच किलोसारखे जाणवतात, आणि असे हादरे एका उतारात शेकडो येतात. थकलेली मान डोके वर धरत नाही, मग नजर चाकाजवळच्या दगडावर उतरते. पडण्याची सुरुवात कित्येकदा तिथूनच होते.

ऊन ही दुसरी कसोटी, आणि हिंगोलीसाठी तीच निर्णायक. मोटारसायकलवर वेगामुळे हेल्मेटमध्ये वारा घुसतो. चढावर सायकलस्वार माणसाच्या चालीने जातो, शरीर पूर्ण ताकदीने उष्णता तयार करत असते आणि वारा जवळपास नसतोच. मोठ्या झरोक्यांचे सायकल हेल्मेट निदान श्वास मोकळा ठेवते. मोटोक्रॉस हेल्मेट अशा चढावर काढून हँडलला अडकवावे लागते, आणि काढलेले हेल्मेट घसरणाऱ्या चाकाच्या क्षणी कामाला येत नाही.

किमतीचे गणित उलटे आहे. मोटारसायकलची हेल्मेट देशातच मोठ्या प्रमाणावर तयार होतात. बेळगावची वेगा ही कंपनी कच्च्या वाटेच्या धाटणीची हेल्मेट बनवते, आणि ती सायकलच्या आयात फुल-फेसपेक्षा कितीतरी स्वस्त पडतात. तालुक्याच्या गावात सायकलचे प्रमाणित फुल-फेस मागवावे लागते. उतार थोडा, चढ गाडीने आणि खिसा हलका, अशा वेळी आयएसआय शिक्क्याचे नीट मापाचे मोटोक्रॉस हेल्मेट घेणे शहाणपणाचे आहे. मानकाचा पत्ता नसलेले स्वस्त सायकल फुल-फेस घेण्यापेक्षा ते नक्कीच बरे. पायडल मारून चढणाऱ्याने मात्र थोडे थांबून पैसे साठवावेत आणि एफ१९५२ चे सायकल हेल्मेट घ्यावे.

उलट दिशेची चूकही टाळायला हवी. सायकलचे फुल-फेस घालून मोटारसायकल चालवता येत नाही. १ जून २०२१ पासून दुचाकीस्वारांच्या हेल्मेटवर आयएसआय शिक्का बंधनकारक आहे, आणि सायकल हेल्मेट रस्त्यावरच्या त्या वेगासाठी बनवलेलेच नसते.

कोणतेही घेतले तरी माप चुकले तर मानकाचा उपयोग नाही. भुवयांच्या वर बोटभर अंतरावर फीत फिरवून घेर मोजावा. गालाच्या गाद्या घट्ट, पण न दुखणाऱ्या असाव्यात. डोके हलवताना हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली पाहिजे. पट्टा बांधून मागून वर ओढल्यावर हेल्मेट पुढे निसटत असेल तर एक माप खाली यावे. गॉगल सोबत नेऊनच खरेदी करावी, कारण काही गॉगलांची चौकट सायकल हेल्मेटच्या खाचेत बसत नाही.

एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बदलावे. आतला फेस दबला की तो परत फुगत नाही. पेट्रोल किंवा थिनरने ते पुसू नये, आणि वैशाखात पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत ठेवू नये.