नव्याच्या नऊ दिवसांनंतर

व्यायाम करावा की करू नये, हा आता वादाचा विषय राहिलेला नाही. त्याचे फायदे शाळकरी मुलालाही पाठ असतात. अडते ते पुढेच. थंडीचे दिवस आले की बाजारहत्नूरसारख्या गावातही पहाटे रस्त्याने चार माणसे झपाझप चालताना दिसू लागतात. शाळेच्या पटांगणावर तरुण पोरे जोर-बैठका काढू लागतात. पण महिना उलटतो न उलटतो तोच रस्ता ओस पडतो आणि पटांगणावर पुन्हा गुरे फिरू लागतात. आपल्या भाषेने या मनुष्यस्वभावाला फार पूर्वीच ओळखले आहे. ‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण आणि ‘आरंभशूर’ हा शब्द, दोन्ही त्याच अनुभवातून निपजले आहेत. दहाव्या दिवशी काय करावे, याचाच विचार आज आपण करणार आहोत.

हा विचार केवळ हौसेचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशात मधुमेहाचे सुमारे 10 कोटी 10 लाख रुग्ण असल्याचा अंदाज आहे. पुढच्याच वर्षी, म्हणजे 2024 साली, जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी दुसरा हिशेब मांडला. 2022 सालच्या स्थितीवरून पाहता भारतातील निम्मी प्रौढ माणसे पुरेशी शारीरिक हालचाल करीत नाहीत, असे त्यात दिसून आले. पुरुषांत हे प्रमाण शेकडा 42 होते, तर स्त्रियांत शेकडा 57. पुरेशी हालचाल म्हणजे तरी किती? आठवड्याला 150 ते 300 मिनिटे, श्वास थोडा वाढेल इतक्या वेगाने चालणे किंवा त्यासारखे श्रम, आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम. दिवसाच्या हिशेबाने पाहिले तर ही अर्ध्या तासाची गोष्ट आहे.

यावर कोणी म्हणेल, ‘आम्ही शेतकरी माणसे. दिवसभर शेतात राबतो. आम्हांला निराळा व्यायाम कशाला?’ शेतातले श्रम हे खरे श्रमच आहेत, यात शंका नाही. परंतु कपाशीच्या मुलखात हे श्रम वर्षभर सारखे नसतात. निंदणीच्या आणि वेचणीच्या दिवसांत पाठ मोडते, आणि उन्हाळ्यात महिना-महिना अंगाला घाम फुटतो तो केवळ उकाड्याने. शिवाय वेचणीत कंबर तासन् तास एकाच बाजूला वाकलेली असते. तिला उलट ताण कधीच मिळत नाही. पूर्वी ज्या वाटा पायाखाली घातल्या जात, त्या आता मोटारसायकलीने सरतात आणि नांगरटीचे काम ट्रॅक्टर करतो. दुकानदार, शिक्षक, कारकून आणि वाहनचालक यांचा तर दिवस बसूनच जातो. तेव्हा व्यायामाची गरज शहराची आणि खेड्याला त्यापासून सूट, असा भेद आता उरलेला नाही.

मग गरज पटूनही माणूस मध्येच का सोडतो? याचे पहिले कारण असे की, तो उत्साहावर विसंबतो. उत्साह हा पाहुणा आहे. तो येतो तेव्हा त्याचे स्वागत करावे, पण त्याच्या भरवशावर घर चालवू नये. ब्रिटनमध्ये विद्यापीठातील विद्यार्थ्यांवर झालेला आणि 2002 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या बाबतीत मोठा बोलका आहे. विद्यार्थ्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला काहीच विशेष सांगितले नाही. दुसऱ्याला हृदयविकाराची भीती आणि व्यायामाचे लाभ समजावून दिले. तिसऱ्याला तेवढे तर सांगितलेच, शिवाय पुढच्या आठवड्यात कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोणत्या ठिकाणी व्यायाम करणार, हे कागदावर लिहावयास लावले. आठवड्यानंतर पाहिले तो पहिल्या गटातील शेकडा 38 जणांनी व्यायाम केला होता. उपदेश ऐकलेल्या गटात हे प्रमाण 35 च होते! आणि दिवस, वेळ, जागा लिहून ठेवणाऱ्या गटात ते 91 होते. व्याख्यानाने माणसाला पटते, पण पाय उचलला जातो तो ठरलेल्या वेळेमुळे.

हे तत्त्व बाजारहत्नूरच्या माणसाला परदेशातून शिकण्याची गरज नाही. ज्या गावाच्या नावातच बाजार आहे, त्याला ते जन्मतः ठाऊक असते. आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी कोणी विचार करीत बसत नाही की, आज मला बाजाराला जाण्याची उमेद वाटते का? दिवस ठरलेला, जागा ठरलेली, पिशवी खुंटीला अडकवलेली. माणूस उठतो आणि चालू लागतो. पावसाची भुरभुर असली तरी जातो. व्यायामालाही असाच वार, वेळ आणि जागा हवी. ‘सवड मिळाली की करीन’ असे म्हणणाऱ्याला सवड कधीच मिळत नाही. ‘पहाटे चूळ भरली की अंगणात बारा नमस्कार’ असे म्हणणाऱ्याला ती मिळते, कारण चूळ भरणे चुकत नाही. रोजच्या एखाद्या न चुकणाऱ्या कृत्याच्या शेपटाला व्यायाम बांधावा, म्हणजे तो आठवणीवर अवलंबून राहत नाही.

दुसरा आधार सोबतीचा. 1898 साली नॉर्मन ट्रिप्लेट नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने सायकलस्वारांच्या नोंदी तपासल्या. एकटा धावणारा स्वार इतरांबरोबर धावताना अधिक वेगाने जातो, असे त्याला आढळले. आपल्या तालमींनी हे फार आधी जाणले होते. तालमीत जोडीदार असतो आणि वर वस्तादाची नजर असते. एखादा पठ्ठा दोन दिवस दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या दारात हाक येते. आपल्या शेजारच्या वऱ्हाडात, अमरावतीला, 1914 साली वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. तिथल्या तरुणांनी 1936 साली थेट बर्लिनला जाऊन ऑलिंपिकच्या निमित्ताने आपले देशी खेळ जगाला दाखविले. एवढा लांबचा पल्ला गाठण्यामागे ठरल्या वेळी एकत्र येऊन गाळलेला घामच होता. आपल्या गावी एवढी मोठी संस्था नसेल. नसो. दोन शेजाऱ्यांनी एकमेकांना पहाटे हाक मारायचे ठरविले, तरी ती छोटी तालीमच झाली. स्वतःला दिलेला शब्द माणूस सहज मोडतो. दाराशी उभ्या असलेल्या मित्राला दिलेला शब्द मोडताना त्याला लाज वाटते.

सोबतीच्या जोडीला हेतू आणि ताल आले की शरीर काय करू शकते, हे पाहावयाचे असेल तर वारीकडे पाहावे. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटरांचे. एरवी कोसभर चालावयाचे म्हटले तर गाडी शोधणारा मनुष्य दिंडीत शिरला की तीन आठवडे चालत राहतो. मुक्काम ठरलेले असतात, पुढेमागे आपली माणसे असतात, टाळांचा ठेका पावलांना उचलून धरतो आणि वाटेच्या शेवटी भेटीची ओढ असते. आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातही याचे उदाहरण आहे. पुष्य मासात मेस्राम कुळातील गोंड बांधव हस्तिनमडुगु येथून गोदावरीचे जल घेऊन पायी केसलापूरला येतात आणि अमावास्येला नागोबाची पूजा होते. दिवाळीत दंडारीचे नर्तक मोरपिसांचे मुकुट घालून गावोगाव फिरतात आणि रात्रीच्या रात्री गुसाडी नाचतात. मार्लावाईच्या कनकराजूंना या नृत्याबद्दल 2021 साली पद्मश्री मिळाली. 2024 साली त्यांचे निधन झाले. या नृत्याला कोणी व्यायाम म्हणत नाही. पण त्यात पायांना, कमरेला आणि फुप्फुसांना पडणारे श्रम कोणत्याही व्यायामशाळेपेक्षा उणे नसतात, आणि तरीही नाचणाऱ्याला कंटाळा शिवत नाही. ज्याला एकट्याने बैठका काढणे रुक्ष वाटते, त्याने लेझीम घ्यावी, कबड्डी खेळावी किंवा भजनाचा ठेका कानी ठेवून चालावे. शरीराला घाम हवा असतो. तो कोणत्या निमित्ताने येतो, याची ते चौकशी करीत नाही.

तिसरी गोष्ट शरीराच्या स्वभावाची. नवखा मनुष्य पहिल्याच दिवशी पन्नास बैठका काढतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या अशा भरून येतात की जिना उतरवत नाही. मग तो व्यायामालाच रामराम ठोकतो. अनोळखी श्रमानंतर एक ते तीन दिवस राहणारी ही वेदना स्वाभाविक असते आणि सरावाने ती कमी होत जाते. पण तिला आमंत्रण देण्याचे कारण नाही. दहा बैठकांनी आरंभ करावा आणि आठवड्याला दोन-दोन वाढवाव्यात. आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पहिल्या काही आठवड्यांत आरशात फरक दिसत नाही. या काळात शक्ती वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना अधिक चांगले कामाला लावू लागते म्हणून. स्नायूंचा आकार त्यानंतर बदलतो. म्हणजे ज्या काळात ‘काहीच होत नाही’ असे वाटते, त्याच काळात पाया भरला जात असतो. पेरणीनंतर चौथ्या दिवशी शेत उकरून बियाणे पाहणारा शेतकरी शहाणा ठरत नाही.

म्हणून आरशाऐवजी वही ठेवावी. किती नमस्कार घातले, किती वेळ चाललो, रात्री झोप कशी लागली, याची रोज एक ओळ पुरे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा नेम वर्षानुवर्षे स्वतः पाळला आणि आपल्या संस्थानातील शाळांतून तो रूढ केला. त्या व्यायामप्रकाराच्या लोकप्रियतेत मोजणीचाही वाटा आहे. ना साहित्य लागते, ना मोठी जागा. आणि कालचा आकडा आजच्या आकड्याला आव्हान देत असतो. खाशाबा जाधव 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि 1952 साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. या दोन तारखांमध्ये चार वर्षांची मेहनत आहे आणि तिची बातमी कोणत्याही दिवशी छापून आली नव्हती.

आता सर्वांना पडणारा प्रश्न. सवय लागावयास किती दिवस लागतात? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी 96 जणांच्या नव्या सवयींचा मागोवा घेतला. त्यांचा अहवाल 2009 साली प्रसिद्ध झाला. एखादे कृत्य आपोआप होऊ लागण्यास सरासरी 66 दिवस लागतात, असे त्यांना आढळले. पण कोणाला 18 दिवस पुरे झाले, तर कोणासाठी हा हिशेब 254 दिवसांपर्यंत गेला. पाणी पिण्यासारख्या सोप्या सवयीपेक्षा व्यायामाला अधिक काळ लागला. याच अभ्यासातील एक निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. मध्येच एखादा दिवस चुकला, तर सवय लागण्याच्या क्रमात म्हणण्यासारखा खंड पडत नाही. आपल्याकडे नेम मोडला की ‘आता कशाला’ म्हणून सारेच सोडून देण्याची रीत आहे. लग्नघर असेल, ताप आला असेल, वेचणी ऐन भरात असेल, तर व्यायाम चुकणारच. चुकलेल्या दिवसाचे प्रायश्चित्त म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नये आणि शोकही करू नये. ठरल्या वेळी पुन्हा उभे राहावे, एवढेच.

माताभगिनींविषयी दोन शब्द वेगळे बोलले पाहिजेत. वर सांगितलेल्या आकड्यांत त्यांचे प्रमाण अधिक आहे, आणि तो त्यांचा आळस नव्हे. घरातले सर्वांत आधीचे उठणे आणि सर्वांत शेवटचे निजणे त्यांच्याच वाट्याला येते. कामे असंख्य, परंतु दम वाढविणारी सलग हालचाल थोडी, आणि स्वतःचा असा अर्धा तास मुळीच नाही. शिवाय बाई एकटी रस्त्याने भरभर चालू लागली की चार माना वळतात. हा अडसर तिच्या निश्चयाने दूर होणार नाही. तो घराने दूर केला पाहिजे. सकाळचा चहा घरातील दुसऱ्या कोणी ठेवला, तर तेवढ्यात शेजारच्या चार जणी मिळून शाळेपर्यंत जाऊन येऊ शकतात. आणि चौघी मिळून निघाल्या की बघणाऱ्यांचेही बघणे चार दिवसांत संपते.

काही पथ्ये सांगणे अगत्याचे आहे. ज्यांना हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारून व्यायामाचे प्रमाण ठरवावे. छातीत दुखणे, चक्कर किंवा विलक्षण धाप यांना निश्चयाने दडपू नये. तिथेच थांबून डॉक्टर गाठावा. आपल्या भागातील उन्हाळा कडक, तेव्हा चैत्र-वैशाखात ऊन चढण्यापूर्वीच व्यायाम उरकावा आणि पाणी पिण्यात कसूर करू नये. थंडीत अंथरूण सुटत नसेल, तर पहाटेचा हट्ट न धरता सायंकाळची वेळ नेमावी. वेळ कोणती, यापेक्षा ती ठरलेली आहे की नाही, हे महत्त्वाचे.

तेव्हा श्रोतेहो, आज रात्री निजण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात: उद्याची वेळ, उद्याची जागा आणि सोबत येणाऱ्याचे नाव. प्रमाण लहान ठेवावे, इतके लहान की न करण्याची सबब सांगतानाही संकोच वाटावा. पहिले नऊ दिवस उत्साह आपले काम करील. दहाव्या दिवशी तो आला नाही, तर त्याची वाट पाहू नये. वेळ झालेली असेल, शेजाऱ्याची हाक आलेली असेल. वहाणा पायात घालून निघावे.